ऑटोमॅटिक भोंगा

आधी तोंडातला घोट गिळून घ्या बघू. कप खाली ठेवलात तर आणखी बरं. हा किस्सा ऐकताना तोंडात काही असलं की माणसाची पंचाईत होते, आणि त्या पंचाइतीवर माझ्याएवढ्या अधिकारानं बोलणारा माणूस अख्ख्या पलूस तालुक्यात सापडायचा नाही. का, ते कळेलच!

मी इकबाल. पलूसला स्टँडच्या मागच्या गल्लीत माझं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान आहे. वडलांचं हेच काम, आजोबा चाकू-कात्र्यांना धार लावायचे. म्हणजे तीन पिढ्या आमचं लोखंडाशी बोलणं चालू आहे. मशीन नीट चालतंय की नाही हे मी नुसत्या आवाजावरून सांगतो. पण मधे ती नवी मोटरवाली मशीनं यायला लागली. त्यांच्या पोटात हिरव्या पाट्या, पाट्यांवर मुंगीएवढे भाग, आणि आवाज म्हणाल तर काहीच नाही. एक दिवस हिंमत करून एक पाटी उघडली, आणि मी कामातनं गेलो!

मोबाईलवर व्हिडिओ बघायचे, सांगलीला मशीनचे पार्ट आणायला गेलो की इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातनं दोन-चार वस्तू खिशात घालून यायच्या, आणि दुपारी गिऱ्हाईक नसलं की त्या जोडत बसायचं. मायक्रोकंट्रोलर म्हणजे काय, तर काड्यापेटीएवढा एक बोर्ड. त्याला सांगाल तेवढंच तो करतो. ध्यानात ठेवा, सांगाल तेवढंच! हे वाक्य मी पुढं रडत आठवलंय.

पहिल्यांदा मी लिहिलेल्या चार ओळींवर एवढासा दिवा लुकलुकला, तेव्हा मी शबानाला, म्हणजे माझ्या बायकोला, घरनं बोलावून घेतलं. ती पदर खोचून धावत आली. दिव्याकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं.

"ह्येच्यासाठी गॅसवर भात ठिऊन आले व्हय मी?"

आता सांगा, शास्त्रज्ञाला घरात किंमत असते का कधी?

पण मी थांबलो नाही. पाण्याची टाकी भरली की शिट्टी वाजेल असं केलं. ते चाललं. मग दाराची घंटा केली. ती कुणी न दाबताच वाजायची! शबाना दहा वेळा दार उघडून आली. शेवटी कळलं की बोर्डाचा जो पाय बटणाला जोडलाय, तो बटण न दाबता तसाच लोंबकळत राहतो, आणि हवेतलं काहीबाही ऐकून 'दाबलं, दाबलं' म्हणत सुटतो. त्याला एक रेझिस्टर लावून बांधून ठेवावा लागतो. तुम्ही कधी असलं काही करणार असाल तर एवढं लिहून घ्या. रिकामा पाय मोकळा सोडायचा नाही. माणसाचाही नाही, बोर्डाचा तर नाहीच.

तर अशी माझी कीर्ती वाढत होती, आणि मला भोंगा दिसला.

आमच्या मशिदीच्या गच्चीवर एक जुना भोंगा आहे. रमजानमध्ये संध्याकाळी रोजा सोडायची वेळ झाली की तो वाजतो, आणि पाठोपाठ बांग होते. भोंग्याचं बटण गच्चीवरच्या खोलीत. चढायला बावीस पायऱ्या. आणि ते बटण दाबायचं काम दस्तगीर चाचांचं. मी चड्डीत होतो तेव्हापासून त्यांचंच. हातातल्या घड्याळाकडं एकदा बघणार, उसाच्या वर टेकलेल्या सूर्याकडं एकदा बघणार, आणि मग दाबणार. वस्तीत रमजानचा महिनाभर कुणी घड्याळ बघत नाही. कान भोंग्याकडं, हात खजुराकडं. भोंगा वाजला की बिस्मिल्ला!

पण आता चाचांचे गुडघे गेलेत. बावीस पायऱ्या चढायला त्यांना बराच वेळ लागतो, मधे दोनदा बसतात. ते बघून मला खरंच वाईट वाटायचं. हे मी खोटं सांगत नाही, दया होतीच. पण दयेच्या बरोबर जरा मिरवायची हौसही होती. हौसच जास्त, कशाला लपवा!

मी जमातीच्या लोकांना म्हटलं, "भोंगा ऑटोमॅटिक करून देतो. महिन्याचं वेळापत्रक आत भरायचं. घड्याळाचं मॉड्यूल लावायचं. सेकंदाचा फरक पडायचा न्हाई."

मौलाना आमचे तरुण, त्यांना आवडलं. चाचांनी मात्र गुडघा चोळत वर गच्चीकडं बघितलं. मग म्हणाले, "चांगलं हाय बाळा. पर बाजूला एक बटन ठेव की. अडीनडीला मानसाच्या हातात काय तर आसावं."

मी हसलो. चाचांना हसलो, बघा केवढी अक्कल! म्हटलं, "चाचा, ऑटोमॅटिकला कुठं बटन असतंय व्हय?"

आणि बोर्ड बसवताना त्यांचं ते काळं जुनं बटण मी काढून तिथल्याच कोनाड्यात टाकलं.

आता ह्यात माझ्या सनाचा रोजा कसा आला ते ऐका, कारण खरी गोष्ट तीच आहे.

सना माझी एकुलती एक. चौथीत आहे. त्या वर्षी तिनं हट्टच धरला, मला रोजा धरायचाय. आमच्यात लेकराचा पहिला रोजा म्हणजे छोटंसं लग्नच. नवे कपडे, गळ्यात फुलांचा हार, पाहुणे, शेजारीपाजारी, सगळे इफ्तारला. मार्चचं ऊन, दिवसभर पाण्याचा थेंब नाही. शबानाचा जीव खालीवर होत होता. पण सना ऐकायला तयार नव्हती. तिच्या वर्गातल्या दोघींचे रोजे झाले होते, त्यामुळं हा तिच्या इभ्रतीचा प्रश्न होता.

आणि मी काय केलं? भोंगा तयार होता, तर त्याचं उद्घाटन त्याच दिवशी ठेवलं! लेकीचा पहिला रोजा बापाच्या मशीनवर सुटणार. ह्या कल्पनेवर मी आठवडाभर तरंगत होतो. एवढ्यावर भागलं नाही. चाचांना आता पायऱ्या चढायच्या नाहीत, तर त्यांचा सत्कार करू म्हटलं. शाल, श्रीफळ, सगळं आणलं. माणूस एकदा वाहवत गेला की शालीपाशीच थांबतो.

उद्घाटनाच्या आदल्या रात्री, चाचांनी शेवटचं बटण दाबून झाल्यावर, बोर्ड गच्चीवर बसवला. दुकानात मी भोंग्याच्या जागी दिवा लावून तो तपासला होता. चालू करताना दिवा डोळ्याचं पातं लवावं तेवढाच चमकायचा आणि विझायचा. मी म्हटलं, असू दे, एवढं काय त्यात! तुम्हाला हात जोडून सांगतो, सर्किटमध्ये एवढंसं काही चमत्कारिक दिसलं ना, तर त्याला 'असू दे' म्हणू नका. ते 'असू दे' पुढं भोंगा होऊन वाजतं.

घड्याळाचं मॉड्यूल मी खाली मशिदीच्या दाराशी लावलं, मौलानांना वेळ दिसावी म्हणून. तिथनं वीस फूट तार वर बोर्डाकडं. बोर्ड सुरू केला. घड्याळ दिसलं, वेळ बरोबर. मग सगळ्यात शेवटी भोंग्याची तार जोडली आणि समाधानानं खाली उतरलो. म्हणजे भोंगा जोडलेला असताना लाईट बंद करून पुन्हा चालू करून बघितलं का? नाही! दहा वेळा बघायला पाहिजे होतं. एकदाही बघितलं नाही.

रोज्याचा दिवस उजाडला. सकाळी सना टुणटुणीत. दुपारी जरा मऊ पडली. चार वाजता भिंतीला टेकून बसली आणि कुणाशी बोलेना. शबानानं हळूच विचारलं, "सोडतीस का गं? काय न्हाई हुत."

तिनं नुसती मान हलवली. नाही.

पाच वाजता लाईट गेली!

मला घाम फुटला. लाईट नाही तर भोंगा नाही, आणि भोंगा नाही तर उद्घाटन कसलं? पाहुणे यायला लागले होते. अंगणात सतरंज्या पसरल्या होत्या. पन्नास-साठ माणसं असतील. ताटांत कलिंगड, खजूर, भजी, सरबताचे ग्लास मांडलेले. आमचं अंगण पूर्वेच्या अंगाला, आणि पश्चिमेला घराची भिंत, त्यामुळं सूर्य काही दिसत नाही. माझा मोबाईल बंद पडून आत चार्जरला तसाच लटकलेला. मी नुसता येरझाऱ्या घालतोय.

हणमंता आला. हणमंता म्हणजे माझ्या दुकानाशेजारचा पिठाच्या गिरणीवाला, जीवाभावाचा दोस्त. सनाला सोबत म्हणून त्यानंही त्या दिवशी रोजा धरला होता. आयुष्यातला पहिला! दुपारपासून गिरणीच्या दारात तो असा बसला होता की लोक विचारून जायचे, घरात सगळं ठीक हाय न्हवं?

"इकबाल," तो खोल आवाजात म्हणाला, "तुझं मशीन एक मिनिट जरी लेट झालं ना, तर मी तुला सोडनार न्हाई गड्या."

"लेट हुनारच न्हाई," मी म्हटलं. आणि खरं सांगायचं तर तेवढं मात्र मी खरं बोललो.

चाचांना शाल घालून सनाच्या शेजारी बसवलं. सनाचा चेहरा एवढासा झाला होता, पण गळ्यात हार, हातावर मेंदी, पोर राणीसारखी बसली होती. तिनं चाचांचं घड्याळ मागून घेतलं होतं. ते मांडीवर ठेवून ती काटा बघत होती.

"किती ऱ्हायलं?" चाचा विचारायचे.

"पंधरा मिन्टं."

थोड्या वेळानं पुन्हा, "आता गं?"

"बारा."

आणि तेवढ्यात, लाईट आली!

"आली, आली!" सगळे एकदम ओरडले. पंखे फिरायला लागले, अंगणातल्या माळा पेटल्या, आणि त्याच क्षणी मशिदीवरनं भोंगा असा काही वाजला की विचारू नका. भों… करून सगळी वस्ती दणाणली.

मी दोन्ही हात वर केले. "बघा! बघा! लाईट बी वेळेवर आली आणि मशीन बी!"

पन्नास-साठ हात एकदम खजुराकडं गेले. बिस्मिल्ला! कुणी सरबताचा ग्लास एका दमात रिकामा केला. हणमंतानं तर भजी तोंडात टाकली ती मोजता येणार नाहीत अशी. मी स्वतः एक खजूर खाल्ला, वर सरबत, वर दोन भजी. आणि छाती पुढं काढून सनाकडं वळलो.

सनाच्या हातात खजूर तसाच.

"खा की गं!"

"अब्बा," ती म्हणाली, "अजून अकरा मिन्टं हाईत."

मी हसलो. पाहुण्यांकडं बघून हसलो. "आगं, चाचांचं घड्याळ जुनं झालं. त्ये मागं पडलं आसंल. मशीन चुकत न्हाई. खा."

"बांग न्हाई झाली."

"हुईल की! मौलाना माईक लावत आसतील. समदी खायला लागली बघ. तू खा आधी."

"न्हाई."

आता बघा, तेव्हा तरी मला शंका यायला पाहिजे होती. पण नाही. एवढ्या लोकांपुढं माझी लेक माझ्याच मशीनवर अविश्वास दाखवतेय, हे मला लागलं. आवाज चढला माझा. "सना, गुमान खा म्हनतोय न्हवं मी!"

तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ओठ घट्ट मिटलेले. दिवसभर ज्या पोरीनं पाण्याकडं बघितलं नव्हतं, तिला मी शेवटच्या अकरा मिनिटांत रडवलं. आज सांगतानाही माझा मलाच राग येतो.

तेवढ्यात माझ्या ध्यानात आलं की चाचा जागेवर नाहीत. त्यांचा खजूरही ताटात तसाच. हा माणूस शाल सावरत, भिंत धरत, आमच्या गच्चीचा जिना चढत होता. त्याच गुडघ्यांनी! आणि वर पोचल्यावर तिथनं त्यांचा आवाज आला, भोंग्यालाही न हटणारा:

"थांबा रं! आरं थांबा समदी! दिस अजून वर हाय!"

अंगण जागच्या जागी गोठलं. साठ तोंडं, सगळी भरलेली. गिळावं तर पाप, थुंकावं तर कुठं? पुढं ताटं, मागं पाहुणे! गाल फुगवून सगळे एकमेकांकडं बघतायत, आणि मग हळूहळू सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. सुरुवातीला मी घोट गिळून घ्या म्हटलं ना, ते उगीच नाही.

पहिला आवाज हणमंताचा आला. त्यानं मोठ्यानं गिळलं. "गड्या," तो म्हणाला, "जल्मात एक रोजा धरला हुता मी. एकच!"

आणि भोंगा? तो वाजतच होता! एरवी मिनिटभर वाजून बंद व्हायचा, तो थांबायला तयार नाही. मी पळालो. मशीद तीन घरं सोडून. बावीस पायऱ्या मी एका दमात चढलो, आणि वर जाऊन उभा राहिलो तर बंद करायला हाताला काही नाही. बटण कुठंय? बटण काढून कोनाड्यात टाकलंय! ऑटोमॅटिकला कुठं बटण असतंय व्हय!

शेवटी कळ फिरवून खोलीची लाईटच बंद केली, तेव्हा तो गप्प झाला.

गप्प झाल्यावर मी मान वर केली. समोर उसाच्या वर सूर्य. लाल, गोल, चांगला भाकरीएवढा. आणि खाली वस्तीतलं एकेक अंगण दिसत होतं. एकेका अंगणात लोक हातात घास घेऊन आभाळाकडं बघत होते.

काय झालं होतं, ते मला तिथंच कळलं. कोडमध्ये मी पिनला, म्हणजे बोर्डाच्या भोंग्याकडच्या पायाला, सांगितलं होतं की तू आता आउटपुट हो, आणि तो पाय असा की 'गप्प राहा' म्हणेपर्यंत भोंगा चालूच ठेवतो. पण 'गप्प राहा' हे त्याच्या आधी सांगायचं, ते मी नंतरच्या ओळीत लिहिलं होतं. आणि ह्या दोन ओळींच्या मधे काय घातलं होतं? घड्याळाला वेळ विचारणं! दुकानात घड्याळ शेजारीच, ते लगेच उत्तर द्यायचं, म्हणून दिवा नुसता चमकायचा. इथं घड्याळ वीस फुटांवर, वीज येताना धडधडत आलेली, घड्याळ काही बोलेना. बोर्ड आपला उत्तराची वाट बघत बसला, आणि तोवर भोंगा मोकळा! म्हणून सांगतो, पिनला आधी गप्प बसवा, मग कामाला लावा. घड्याळ बोर्डाच्या कुशीत ठेवा. आणि बटण ठेवा. देवाशप्पथ एक बटण ठेवा.

मौलानांनी माईक घेतला. बिचारे काय बोलणार! म्हणाले, वेळेआधी भोंगा वाजलाय. ज्यांच्या तोंडात घास असेल त्यांनी काढून टाका, चूळ भरा, आणि वेळ होईपर्यंत काही खाऊ नका. ज्यांनी खाल्लं, त्यांनी ईदनंतर एक रोजा भरून द्या. जाणूनबुजून कुणी केलेलं नाही, अल्ला माफ करणारा आहे.

मग जरा थांबून, माईक चालूच असताना, हळूच म्हणाले, "मी बी एक भजं खाल्लंय."

सगळ्या वस्तीनं ते ऐकलं.

मी कोनाड्यातलं काळं बटण काढलं. वेळ होती सहा मिनिटं. स्क्रू हातातनं पडत होता. रोज मशीनचे एवढेएवढे स्क्रू डोळे मिटून बसवणारा मी, त्या दिवशी दोन तारा बोर्डावरनं काढून बटणाला जोडायला मला तेवढा सगळा वेळ लागला. जोडून झाल्यावर कळ चालू केली आणि आमच्या गच्चीकडं बघितलं. चाचा कठड्याला टेकून उभे, तोंड सूर्याकडं, एक हात वर. त्यांचं घड्याळ खाली सनाकडं. त्यांना घड्याळाची गरज नव्हतीच म्हणा.

आणि तिथनं मला आमचं अंगण दिसलं. साठ माणसं ताटांपुढं हात बांधून गप्प बसलीत. सगळ्यांचे रोजे गेलेले. शाबूत रोजे दोनच, एक गच्चीवर म्हाताऱ्याचा आणि एक मधोमध बसलेल्या नऊ वर्षांच्या पोरीचा. आणि सगळे तिच्याकडं बघतायत.

चाचांचा हात खाली आला. मी बटण दाबलं.

सनानं ओंजळ धरली, डोळे मिटले, तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणाली, आणि मुठीत मऊ झालेला तो खजूर खाल्ला. शबाना शेजारी बसून रडत होती. हणमंता उभा राहून टाळ्या वाजवायला लागला, मग बाकीचेही. आणि मी? ज्या क्षणासाठी एवढा खटाटोप केला, तेव्हा मी तीन घरं पलीकडं, मशिदीच्या गच्चीवर, बटणावर बोट ठेवून उभा! लेकीचा पहिला रोजा सुटताना मी तिच्याजवळ नव्हतो. माझ्याच ऑटोमॅटिकपायी.

मौलानांची बांग संपल्यावर मी खाली उतरलो. घरी आलो. लोक माना खाली घालून खात होते. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. चाचा जिना उतरून आले होते, त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि कलिंगडाची फोड पुढं केली. मी ती तशीच ताटात ठेवली.

मी सनाजवळ जाऊन बसलो. ती सरबत पीत होती. हार जरा वाकडा झाला होता.

"सना," मी म्हटलं, "चुकलं गं माझं. तुला उगं वरडलो."

तिनं ग्लास खाली ठेवला. माझ्याकडं नीट बघितलं, डॉक्टर बघतात तसं.

"अब्बा, तुमी खजूर नुसता चावला का गिळला?"

"गिळला."

"सरबत?"

"त्ये बी पिलो."

"भजी?"

"…दोन."

तिनं एक सुस्कारा टाकला. मग मेंदीचा तो इवलासा हात माझ्या गुडघ्यावर ठेवून दोनदा थोपटला.

"आसू द्या अब्बा," ती म्हणाली, "तोंड बारीक करू नका. हुतंय आसं पैल्यांदा. फुडल्या वर्षी जमंल बघा तुमाला."